किटलीच्या तळाशी काय आहे? थरारपटातली उत्कंठा पायरीपायरीनं बांधताना

जुलै संपत आला की कोल्हापुरात चौकात भेटणारा माणूस आधी एकच विचारतो, "पाणी किती झालं?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर गेली की धोका पातळी. हे दोन आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. सकाळी ३६, दुपारी साडेसदतीस, आणि रात्री बातमी येते की राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले. ते पाणी शहरापर्यंत पोचायला काही तास जातात. ते तास नदीकाठच्या सुतारवाड्यातली माणसं जागून काढतात. सामान माळ्यावर चढवलेलं असतं, गॅसचा सिलिंडर खाटेवर ठेवलेला असतो, आणि घरातलं कुणीतरी दर अर्ध्या तासानं उंबऱ्याशी जाऊन बघून येतं.

यात लपवलेलं काहीच नाही. नदी कुठं आहे ते ठाऊक, किती वाढली ते ठाऊक, अजून वाढली तर काय जाणार तेही ठाऊक. तरी छातीत धडधडतं. मी गेली काही वर्षं इथल्या पोरापोरींबरोबर लघुपट करतोय. त्यांच्या पटकथा वाचताना जवळजवळ प्रत्येक थरारपटात एकच चूक दिसते: लेखकानं सगळं लपवून ठेवलेलं असतं. खुनी कोण, पेटीत काय, फोन कुणाचा होता, सगळं शेवटच्या दोन मिनिटांसाठी राखलेलं. प्रेक्षक चाचपडत बसतो आणि कंटाळतो. पुराच्या रात्रीसारखी उत्कंठा हवी असेल तर प्रेक्षकाला आधी सांगावं लागतं. काय सांगायचं, कधी आणि किती, ते इथं एकाच प्रसंगावर करून दाखवतो. प्रसंग सहा-सात मिनिटांचा आहे आणि मोबाइलवरही घेता येईल.

आधी तीन शब्द वेगळे करू

रहस्य म्हणजे प्रेक्षकाला माहीत नाही आणि तो कोडं सोडवतोय. धक्का म्हणजे माहीत नव्हतं आणि एकदम कळलं. उत्कंठा म्हणजे माहीत आहे, पण घडायचं बाकी आहे. थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यानं फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हा फरक टेबलाखालच्या बॉम्बवरून समजावला होता. दोघं गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का मिळतो. बॉम्ब ठेवताना त्याला आधीच दाखवलं आणि समोर घड्याळ ठेवलं, तर त्याच रटाळ गप्पा तो १५ मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो.

आपल्याकडं ही गोष्ट कीर्तनातून घरोघरी पोचलेली आहे. कीचकवध आठवा. नृत्यशाळेत अंधार आहे, शय्येवर द्रौपदीच्या जागी भीम आहे, आणि कीचक नटूनथटून आत येतोय. श्रोत्यांना सगळं माहीत असतं, कीचकाला काहीच नाही. बुवा मुद्दाम कीचकाच्या अत्तराचं, शेल्याचं वर्णन लांबवतात आणि मंडप हलत नाही. याच कथेवर बाबूराव पेंटरांनी आपल्या कोल्हापुरात 'सैरंध्री' हा मूकपट केला, १९२० साली, स्वतः बांधलेल्या कॅमेऱ्यावर. त्यातला वधाचा भाग इतका उघडा होता की तो सेन्सॉरमुळं काढावा लागला. मला नेहमी वाटतं, वध काढला तरी कीचकाचं त्या अंधाऱ्या दालनात पाऊल टाकणं कुणी काढू शकत नाही. थरार त्या पावलात आहे.

आपला प्रसंग

पहाटेचे साडेपाच. गंगावेशीकडून उत्तरेश्वर पेठेत सायकलवरून रतीब घालणारे सर्जेराव, वय साठीचं. हँडलला दहा लिटरची किटली. त्यांच्या मुलानं, बाळूनं, रात्री गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका कारखान्यातून एक किलोची चांदीची वीट उचललीय आणि नाकाबंदी दिसल्यावर घाबरून ती वडिलांच्या दुधाच्या किटलीत सोडलीय. रतीब निघायच्या आत काढू, असा त्याचा हिशेब. पण आज सर्जेराव पाव तास लवकर निघालेत. रतीबाचं शेवटचं घर एका हवालदाराचं आहे.

हे सगळं पहिल्या चाळीस सेकंदांत प्रेक्षकाला दाखवायचं. वीट दुधात बुडताना दिसली पाहिजे. इथं काटकसर करू नका.

पहिली पायरी: कुणाला काय माहीत, ते कागदावर मांडा

एक मोठा कागद घ्या. आडव्या ओळीत घरं लिहा, एक ते अठरा. उभ्या रकान्यांत प्रेक्षक, सर्जेराव, बाळू, हवालदार. प्रत्येक चौकटीत एवढंच लिहायचं: वीट माहीत आहे की नाही. प्रेक्षक आणि बाळूच्या रकान्यात सुरुवातीपासून "आहे". हवालदाराच्या रकान्यात शेवटपर्यंत "नाही". खरा निर्णय सर्जेरावांच्या रकान्याचा.

त्यांना शेवटपर्यंत कळलंच नाही तर आपण एका निष्पाप म्हाताऱ्याची काळजी करत राहतो. हे चांगलं आहे, पण सहा मिनिटं एकाच सुरात जातात. पहिल्यापासून माहीत असेल तर ते चोराचे साथीदार ठरतात आणि सहानुभूती घटते. म्हणून माझी निवड तिसरी: अकराव्या घरापाशी कळतं. माप घालताना तळाशी "टण्ण" असा आवाज येतो. तिथून पुढं तोच रतीब, त्याच गल्ल्या, पण आता म्हाताऱ्याला प्रत्येक दारात चेहरा सांभाळायचाय, आणि त्यानं ओळखलंय की हे काम कुणाचं. त्याला पोराला वाचवायचंय की नाही, हेही त्याला अजून ठरवायचंय. एका माणसाचं "नाही" मध्यावर "आहे" झालं की प्रसंगाचा दुसरा अर्धा भाग आपोआप चढतो. हा कागद न करता मी आता एकही प्रसंग लिहायला घेत नाही.

दुसरी पायरी: घड्याळ शोधा

बॉम्बवरचे लाल आकडे बघून लोक विटलेत. घड्याळ प्रसंगातच असतं, ते शोधावं लागतं. इथं ते दूध आहे. प्रत्येक घरी अर्धा लिटर जातं आणि विटेवरचं आवरण तेवढं पातळ होतं. चांगल्या घड्याळाला तीन गुण लागतात. ते डोळ्याला दिसावं. ते उलटं फिरू नये, कारण घातलेलं दूध परत येत नाही. आणि नायकाच्याच हातानं ते पुढं सरकावं. हा तिसरा गुण सर्वांत मोलाचा. पुराचं पाणी बाहेरून चढतं, इथं सर्जेराव स्वतः मापानं आपलं संकट उघडं करत जातात, आणि न घालून चालत नाही, कारण इतक्या वर्षांचा रतीब एक दिवस चुकला तर गल्लीभर चर्चा होईल.

हिशेब मात्र खरा ठेवा. आम्ही घरच्या किटलीत एक किलोचं लोखंडी वजन टाकून पाणी मापानं काढत गेलो. तळाशी जेमतेम दीड बोट पाणी उरेपर्यंत वजन झाकलेलं राहतं आणि मग त्याची कड एकदम वर येते. ही मोजणी पटकथेत लिहिली की कुठल्या घरी काय दिसेल यावर युनिटमध्ये वाद होत नाही. अठरा घरांचे नऊ लिटर गेले की एक लिटर उरतो. तिथंच हवालदाराचं दार आहे. तालमीला दूध वाया घालवू नका. पाण्यात थोडं दूध मिसळलं तरी कॅमेऱ्याला पुरतं.

तिसरी पायरी: गल्ली प्रेक्षकाच्या डोक्यात बसवा

याला फार वेळ लागत नाही, पण हे राहिलं तर पुढचं सगळं वाया जातं. हवालदाराचं घर कोणत्या टोकाला, महादेवाचं देऊळ कुठं, बाळू मागून कुठल्या बोळातून येतोय, हे सुरुवातीच्या एका उंचावरच्या शॉटमध्ये कळलं पाहिजे. कुणाच्यातरी गच्चीवरून घ्या. पुढं सर्जेराव सतत डावीकडून उजवीकडंच जाऊ द्या. प्रेक्षकाला "अजून तीन घरं राहिली" असं मनात मोजता आलं पाहिजे. अंतर कळलं नाही तर जवळ आल्याची भीती वाटत नाही.

चौथी पायरी: पेरणी

शेवटी जे उगवायचंय ते आधी मातीत टाकलेलं असावं, आणि टाकताना प्रेक्षकाला ते बी वाटू नये. या प्रसंगात तीन बिया आहेत.

एक, मापाचा आवाज. पहिल्या घरी सर्जेराव माप किटलीच्या काठावर दोनदा आपटतात, थेंब झटकायला. ही त्यांची सवय. प्रेक्षक तो आवाज ओळखायला लागतो, म्हणून अकराव्या घरी वेगळा आवाज आला की तो मान वर करतो.

दोन, हवालदार. चौथ्या घरच्या वहिनी बोलता बोलता सांगतात, "त्यांना काय हो, किटली पालथी करून घेतात. शेवटचा थेंब सोडत न्हाईत." वहिनींसाठी ही शेजाऱ्याची चेष्टा आहे. आपल्यासाठी ती शिक्षा आहे.

तीन, महादेवाचं दूध. सहाव्या घरी एक आजी जादा माप मागतात आणि सर्जेराव म्हणतात, "न्हाई आजी, सोमवारचं शेवटचं माप द्येवाचं. माझ्या बापापास्नं हाय ते." या वाक्यानं आत्ता म्हाताऱ्याचा स्वभाव कळतो. त्याचं दुसरं काम शेवटी आहे.

प्रत्येक पेरणीला त्या क्षणाचं स्वतःचं कारण हवं: सवय, चेष्टा, श्रद्धा. "हे पुढं लागणार आहे" एवढंच कारण असलेली ओळ कापून टाका. प्रेक्षक ती लगेच ओळखतो.

पाचवी पायरी: कॅमेरा कुणाच्या बाजूनं उभा आहे?

इथं मी नव्या मुलांबरोबर सर्वांत जास्त वेळ घालवतो. त्यांना कॅमेरा हलवायची घाई असते. पहाटेच्या गल्लीत हातात धरून पळणारा कॅमेरा प्रेक्षकाला सांगतो की काहीतरी चाललंय, आणि मग खरं काही होतं तेव्हा त्याच्याकडं वाढवायला काही उरत नाही. पहिली दहा घरं ट्रायपॉडवर घ्या. चौकट स्थिर, दारं उघडताहेत, पातेली पुढं येताहेत, दूध पडतंय.

किटलीच्या तोंडावरून खाली बघणारा शॉट हा आपल्या घड्याळाचा शॉट आहे. तो संपूर्ण प्रसंगात फक्त चारदा वापरा: वीट बुडताना, पाचव्या घरी, अकराव्या घरी, आणि हवालदाराच्या दारात. दरवेळी त्याच उंचीवरून, त्याच कोनातून, म्हणजे फरक फक्त दुधाच्या पातळीचा दिसेल. दर घरी दाखवलात तर तो चौथ्यांदा काहीच करणार नाही.

अकराव्या घरी आवाज झाल्यावर काय दाखवायचं? माझ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी आधी वीट दाखवली. मी सांगेन, वीट दाखवू नका. प्रेक्षकाला ती माहीत आहे. सर्जेरावांचा चेहरा दाखवा, आणि त्यांना अभिनय करायला लावू नका. दिग्दर्शक लेव्ह कुलेशोवनं रशियात शंभर वर्षांपूर्वी दाखवलं होतं की एकच कोरा चेहरा वेगवेगळ्या चित्रांशेजारी ठेवला तर बघणारा त्यात वेगवेगळी भावना वाचतो. मग ते माप पुन्हा, अगदी हळू, आत सोडतात. पुन्हा आवाज, यावेळी बारीक. मग बाही कोपरापर्यंत सारून ते हात दुधात घालतात. समोर पातेलं घेतलेली बाई उभी आहे. "काय पडलं काय मामा?" आणि मामा म्हणतात, "झाकणाची कडी, वहिनी." हे त्यांचं पहिलं खोटं. इथून कॅमेरा ट्रायपॉडवरून उतरवा आणि हातात घ्या, पण त्यांच्या खांद्याच्या जवळ, त्यांच्या श्वासाएवढाच हलणारा.

न दाखवण्याची ताकद किती असते याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९७५ च्या 'जॉज'चं आहे. त्यातला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडायचा, म्हणून स्टीव्हन स्पीलबर्गला तो बराच वेळ न दाखवताच काम भागवावं लागलं. पाण्यावर ओढले जाणारे पिवळे पिंप आणि संगीतातले दोन सूर यांनी शार्कचं काम केलं. तुमच्याकडं साधनं कमी असतील, तर त्याच कमतरतेतून शॉट शोधा. आमच्याकडं खरी वीट नव्हतीच. लाकडी ठोकळ्याला चंदेरी रंग दिला होता, आणि तो दुधावर तरंगायला लागल्यावर आतून पोखरून शिसं भरावं लागलं.

सहावी पायरी: आवाज

पहाटेची पेठ आवाजानं भरलेली असते: दूरची काकड आरती, झाडू, म्हशीचं हंबरणं, पहिली बस. हे आवाज वेगळे, चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी पहाटे जाऊन, अर्धा तास रेकॉर्ड करून आणा. एडिटला बसल्यावर ते एकेक करून काढत जायचे आहेत. पहिल्या घरी सगळे. अकराव्यानंतर आरती नाही. पंधराव्यानंतर झाडू नाही. हवालदाराच्या दारात उरतं फक्त किटलीतलं दूध डचमळल्याचं आणि सायकलच्या घंटीला बांधलेल्या किल्लीचं किणकिणणं. प्रेक्षकाला शांतता झाल्याचं कळत नाही, पण तो खुर्चीत पुढं सरकतो.

संगीत लागलं तर शेवटी लावा. घाईनं लावलेलं संगीत सांगतं की "आता घाबरा", आणि सांगून कुणी घाबरत नाही. अर्थात हा नियम कायम खरा नाही. 'सायको'तल्या न्हाणीघराच्या प्रसंगाला हिचकॉकला संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हेरमननं तरी केवळ तंतुवाद्यांवर ते रचलं, ऐकवलं, आणि हिचकॉकनं मत बदललं. मी म्हणेन, आधी संगीताशिवाय प्रसंग पूर्ण कापा. तो तसा उभा राहत नसेल तर दुखणं पटकथेत आहे.

टण्ण या आवाजासाठी आम्ही बऱ्याच वस्तू वाजवल्या. चांदी दुधाखाली फार वाजत नाही. शेवटी जे ठरलं ते पितळी फुलपात्रावर ॲल्युमिनियमचं माप, वर ओलं फडकं टाकून. खरा आवाज आणि खरा वाटणारा आवाज यांत नेहमी दुसरा घ्या.

सातवी पायरी: एडिट टेबलावर

नवे एडिटर ताण वाढला की शॉट लहान करत जातात. पाठलागाला ते चालतं. वाट बघण्याला उलटं करावं लागतं. पहिली पाच घरं चाळीस सेकंदांत उरकून टाका, भराभर, जवळजवळ आनंदानं. सहा ते दहा थोडी सावकाश. अकरावं घर एकटं मिनिटभर घेईल. बारा ते सतरा मात्र पुन्हा झपाट्यानं, फक्त हात आणि पातेली. अठराव्या घरी एक लहान पोर दार उघडतं आणि पातेलं आणायला आत जातं. ते परत येईपर्यंत कापू नका. रिकामं दार, सर्जेराव, आणि शेजारच्या अंगणात मिशरी लावत उभा असलेला हवालदार. आम्ही तो शॉट आधी नऊ सेकंद ठेवला होता, मग सोळा केला, मग बावीस. बावीसला बघणाऱ्यांपैकी एकानं "अरे ये की" असं मोठ्यानं म्हटलं. तिथं थांबलो.

मध्ये एकदा श्वासही सोडू द्या. तेराव्या घरी बाळू बोळातून पुढं येतो आणि म्हणतो, "आबा, द्या मी घालतो ऱ्हायल्याला." प्रेक्षकाला वाटतं, सुटलो. सर्जेराव पोराकडं बघतात, हँडल सोडत नाहीत, आणि म्हणतात, "माझा रतीब मीच घालणार." बापाला कळलंय, आणि बापाला कळलंय हे पोरालाही कळलंय. दोन वाक्यांत. इथं एक शब्दही वाढवू नका.

आठवी पायरी: ताणलेलं सोडायचं कसं

हिचकॉकनं १९३६ च्या 'सॅबोटाज'मध्ये एका लहान मुलाच्या हातात बॉम्ब दिला. मुलाला माहीत नाही, प्रेक्षकाला वेळेसकट माहीत आहे, आणि शेवटी तो खरंच बसमध्ये फुटतो. पुढं त्यानं स्वतःच मान्य केलं की ती चूक होती. प्रेक्षकाला इतकं ताणून त्याला प्रिय झालेलं पोर मारलं, की तो तुमच्यावर रागावतो. याच्या उलट चूकही तितकीच वाईट: ऐनवेळी कुणाचा तरी फोन आला, लाईट गेली, मांजर आडवं आलं. बाहेरून आलेली सुटका प्रेक्षकाला फसवणूक वाटते. सुटका पेरलेल्यातूनच यावी, आणि शक्य असेल तर तिनं नवा फास टाकावा.

हवालदार खाकी पँट आणि बनियनवर पातेलं घेऊन उभा आहे. डोळे तांबारलेले. "रातभर गुजरीत होतो मामा. चहा प्यायचाय. वता समदं." चौथ्यांदा किटलीच्या तोंडावरचा शॉट. दुधावर एक सरळ, चकचकीत रेघ.

सर्जेराव झाकण लावतात. "हे द्येवाचं हाय साहेब." ही सहाव्या घरची ओळ. प्रेक्षक श्वास सोडतो, कारण ही युक्ती नाही, ही म्हाताऱ्याची खरी रीत आहे हे त्यानं आधी ऐकलंय. हवालदार पातेलं खाली घेतो, हात जोडतो. आणि म्हणतो, "थांबा मग. सोमवार हाय. मी बी येतो देवळात. पिंडीवर तुमच्या हातनं घाला, मी हात लावतो."

इथं प्रसंग कापा. देवळात काय झालं ते पुढच्या प्रसंगाचं काम.

नववी पायरी: दाखवताना पडद्याकडं बघू नका

कच्चं एडिट झालं की दहा-बारा जणांना बोलवा, त्यात सिनेमा न करणारे निम्मे असू द्या. तुम्ही पडद्याच्या बाजूला, लोकांकडं तोंड करून बसा, हातात वही. कोण कधी मागं टेकलं, कुणाचा हात मोबाइलकडं गेला, कोण कुणाच्या कानाशी लागलं, त्या वेळा लिहा. शेवटी "कसं वाटलं" विचारू नका, लोक प्रेमानं चांगलंच म्हणतात. विचारा, "बाळू बोळातून पुढं आला तेव्हा हवालदाराच्या घराआधी किती घरं राहिली होती?" ज्यांना सांगता येत नाही त्यांच्यासाठी तिसरी पायरी फसलीय. "आजींना जादा दूध का दिलं नाही?" याला उत्तर आलं नाही तर ती ओळ कुठल्यातरी भांड्याच्या आवाजाखाली दबलीय.

आमच्या पहिल्या दाखवण्यात वहीत सर्वांत जास्त खुणा बाराव्या ते सतराव्या घरात पडल्या. लोक तिथं मागं टेकत होते. आम्ही ती सहा घरं पस्तीस सेकंदांवरून अठरावर आणली आणि पुन्हा दाखवली. त्या वेळी दुसऱ्या रांगेत एक काकू बसल्या होत्या, ज्यांचं स्वतःचं दूध गेली कित्येक वर्षं असंच मापानं येतं. सतराव्या घरी सर्जेरावांनी माप उचललं आणि काकू पडद्याकडं बघत हलक्या आवाजात म्हणाल्या, "मामा, हळू."